शालेय मानसशास्त्रज्ञाची व्यावसायिक वाटचाल : पद, परवाना आणि पायऱ्या

प्रस्तावना

इ. स. १८९६ च्या मार्च महिन्यात फिलाडेल्फियातील एका सार्वजनिक शाळेच्या शिक्षिका मार्गारेट मॅग्वायर या आपल्या एका विद्यार्थ्याला घेऊन पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात लाइटनर विटमर यांच्याकडे गेल्या. मुलगा चौदा वर्षांचा होता आणि शब्दांचे स्पेलिंग त्याला काही केल्या येत नव्हते. मॅग्वायरबाई स्वतः विटमर यांच्या मानसशास्त्राच्या वर्गात शिकत होत्या. मानसशास्त्राला काही मोल असेल, तर अशा मुलाला शिकविणाऱ्या शिक्षिकेला त्याचा उपयोग झालाच पाहिजे, अशी विटमर यांची धारणा होती. तपासणीत मुलाच्या दृष्टीत दोष आढळला. त्याला चष्मा देण्यात आला, त्याच्यासाठी स्वतंत्र अध्यापनाची योजना आखण्यात आली आणि त्याच्या वाचनात व लेखनात सुधारणा झाली. त्याच वर्षी विटमर यांनी विद्यापीठात मानसशास्त्रीय चिकित्सालय सुरू केले. चिकित्सा मानसशास्त्र आणि शालेय मानसशास्त्र या दोन्ही शाखा आपला उगम याच घटनेत शोधतात.

या घटनेत शाळा, शिक्षिका, विद्यापीठ आणि मूल हे चार घटक एकत्र आले होते. पुढे शालेय मानसशास्त्रज्ञ असे स्वतंत्र पद निर्माण झाले, तेव्हा या चौघांच्या मध्ये एक पाचवी व्यक्ती उभी राहिली. ही व्यक्ती मुलांसाठी काय करते, याविषयी विपुल लेखन झाले आहे. मात्र सेवेच्या दहाव्या किंवा विसाव्या वर्षी ती स्वतः कोठे असते, तिचे ज्ञान वाढते की गंजते, ती शाळेत टिकते की शाळा सोडून जाते, या प्रश्नांचा विचार आपल्याकडे क्वचितच होतो. मानसशास्त्र विषयात पदव्युत्तर पदवी घेऊन शाळेकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या वाढत असताना हा विचार टाळणे महाविद्यालयांना परवडणारे नाही. प्रस्तुत लेखात अमेरिका व ब्रिटन या दोन देशांतील या व्यवसायाची घडण थोडक्यात पाहून, त्या संदर्भात भारतातील, विशेषतः महाराष्ट्रातील, स्थितीचा विचार केला आहे.

अमेरिका : कायद्याने दिलेले पद आणि त्याची किंमत

'शालेय मानसशास्त्रज्ञ' हे पदनाम अधिकृतपणे धारण करणारी पहिली व्यक्ती म्हणून आर्नोल्ड गेझेल यांचे नाव घेतले जाते. कनेक्टिकट राज्याच्या शिक्षण मंडळाने त्यांची १९१५ मध्ये नियुक्ती केली. अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलांची तपासणी करून त्यांच्या शिक्षणाविषयी शिफारस करणे, हे त्यांचे काम होते. याच सुमारास बुद्धिमापनाचे साधन हाती आले होते. बीने आणि सिमों यांची चाचणी पॅरिसमध्ये १९०५ साली तयार झाली आणि टर्मन यांनी तिचे केलेले स्टॅनफर्ड-बीने हे संस्करण १९१६ मध्ये प्रसिद्ध झाले. पदाचा जन्म आणि चाचणीचा प्रसार असे एकाच वेळी घडल्यामुळे शालेय मानसशास्त्रज्ञ म्हणजे चाचणी देणारा माणूस, हे समीकरण प्रथमपासूनच रूढ झाले. ते आजही पूर्णपणे पुसले गेलेले नाही.

या व्यवसायाने स्वतःकडे गंभीरपणे पाहिले ते १९५४ मध्ये. न्यूयॉर्क राज्यातील वेस्ट पॉइंट येथील थेअर हॉटेलात भरलेल्या परिषदेने प्रशिक्षणाच्या दोन पातळ्या सुचविल्या. विद्यावाचस्पती पदवी घेतलेल्यास 'शालेय मानसशास्त्रज्ञ' म्हणावे आणि त्याहून कमी प्रशिक्षण घेतलेल्यास वेगळे, दुय्यम पदनाम द्यावे, अशी ती योजना होती. प्रत्यक्षात शाळांना मनुष्यबळ हवे होते आणि विद्यावाचस्पती मुबलक नव्हते. १९६९ मध्ये शालेय मानसशास्त्रज्ञांची स्वतंत्र राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. पदव्युत्तर पदवीपेक्षा अधिक आणि विद्यावाचस्पती पदवीपेक्षा कमी अशी एक मधली पातळी हीच या व्यवसायाची प्रवेशपातळी होय, अशी भूमिका तिने घेतली. अमेरिकन मानसशास्त्रीय संघटनेने मात्र 'मानसशास्त्रज्ञ' ही संज्ञा विद्यावाचस्पतींसाठी राखून ठेवण्याचा आग्रह सोडला नाही. या वादाचा परिणाम आजही दिसतो. मधल्या पातळीचा पदवीधर शाळेत पूर्ण अधिकाराने काम करतो; परंतु बहुतेक राज्यांत शाळेच्या फाटकाबाहेर मानसशास्त्रज्ञ म्हणून स्वतंत्र व्यवसाय करण्याची मुभा त्याला नसते.

पद स्थिर झाले ते कायद्यामुळे. १९७५ च्या संघीय कायद्याने प्रत्येक अपंग बालकाला विनामूल्य व योग्य सार्वजनिक शिक्षणाचा हक्क दिला आणि विशेष शिक्षणासाठी बालकाची पात्रता ठरविण्यापूर्वी त्याचे रीतसर मूल्यमापन बंधनकारक केले. मूल्यमापन हवे म्हणजे मूल्यमापन करणारा हवा, या साध्या न्यायाने शाळांमध्ये हजारो पदे निर्माण झाली. परंतु ज्या कायद्याने पद दिले, त्यानेच पदधारकाला टेबलाशी बांधून टाकले. मुलांशी व शिक्षकांशी बोलण्याचा वेळ अहवाल-लेखनात जाऊ लागला. शिवाय हे काम निर्दोष होते असेही नाही. कॅलिफोर्नियातील 'लॅरी पी.' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात १९७९ साली न्यायालयाने असा निर्णय दिला की, कृष्णवर्णीय मुलांना मतिमंदांच्या वर्गात बसविण्यासाठी बुद्धिगुणांक चाचण्यांचा वापर करता येणार नाही. ज्या साधनावर व्यवसायाची प्रतिष्ठा उभी होती, त्या साधनाविषयीच न्यायासनाने शंका घेतली होती. २००४ मध्ये कायद्याचे पुनर्लेखन झाले. त्यानंतर, मुलाला प्रथम पद्धतशीर अध्यापन-साहाय्य द्यावे, त्याचा प्रतिसाद मोजावा आणि त्यावरून अध्ययन अक्षमतेचा निर्णय घ्यावा, या पद्धतीला वाव मिळाला. मानसशास्त्रज्ञाची खुर्ची चाचणीच्या खोलीतून वर्गाकडे थोडी सरकली, ती यामुळे.

आज अमेरिकेत या व्यवसायाच्या पायऱ्या स्पष्ट आहेत. पदवीनंतर किमान ६० श्रेयांकांचा, साधारणतः तीन वर्षांचा अभ्यासक्रम असतो. त्यात १२०० तासांची आंतरवासिता पूर्ण करावी लागते आणि तिच्यापैकी किमान ६०० तास शाळेतच द्यावे लागतात. त्यानंतर राज्याचा परवाना व ऐच्छिक स्वरूपाचे राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळते. हे राष्ट्रीय प्रमाणपत्र कायमचे नसते. दर तीन वर्षांनी ७५ तासांचे व्यावसायिक शिक्षण दाखवून त्याचे नूतनीकरण करावे लागते. पहिल्या नूतनीकरणासाठी एका अनुभवी सहकाऱ्याच्या मार्गदर्शनाखाली वर्षभर काम केल्याचा पुरावाही द्यावा लागतो. अनेक जिल्ह्यांत या पदाचे वेतन शिक्षकांच्या वेतनश्रेणीशी निगडित असल्याने सेवावर्षे व अतिरिक्त श्रेयांक यांनुसार ते वाढत जाते. म्हणजेच शाळा न सोडताही माणसाची उन्नती होऊ शकते. ज्यांना पुढे जायचे असते, ते जिल्ह्याचे प्रमुख मानसशास्त्रज्ञ, विशेष शिक्षण विभागाचे संचालक किंवा विद्यापीठीय अध्यापक होतात.

या चित्राला एक काळी किनारही आहे. राष्ट्रीय संघटनेच्या मते ५०० विद्यार्थ्यांमागे एक शालेय मानसशास्त्रज्ञ असावा. प्रत्यक्षात हे प्रमाण हजाराहून अधिक विद्यार्थ्यांमागे एक असे आहे. ही उणीव भरून काढण्यासाठी २०२२ च्या एका संघीय कायद्यान्वये शालेय मानसिक आरोग्यसेवेसाठी एक अब्ज डॉलरची तरतूद झाली. एप्रिल २०२५ मध्ये शासनबदलानंतर त्यातील बहुतांश अनुदाने पुढे न चालविण्याचा निर्णय शिक्षण विभागाने घेतला आणि प्रकरण न्यायालयात गेले. कायद्याच्या पायावर उभे असलेले पद आणि अनुदानाच्या पायावर उभे असलेले पद, यांच्या आयुर्मानातील फरक यावरून लक्षात येतो. भारतीय वाचकाला हा फरक वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

ब्रिटन : शाळेऐवजी सेवा

ब्रिटनमध्ये सिरिल बर्ट यांची लंडन कौंटी कौन्सिलने १९१३ मध्ये मानसशास्त्रज्ञ म्हणून नियुक्ती केली. (बर्ट यांच्या उत्तरायुष्यातील जुळ्यांवरील संशोधनाच्या सत्यतेविषयी पुढे मोठा वाद झाला, तो येथे अप्रस्तुत आहे.) लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, ही नियुक्ती एका शाळेने केली नव्हती, तर अनेक शाळा चालविणाऱ्या स्थानिक प्रशासनाने केली होती. तेव्हापासून तेथील शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ प्रामुख्याने स्थानिक प्रशासनाच्या 'सेवे'त असतो. एक मानसशास्त्रज्ञ अनेक शाळांना भेटी देतो, परंतु त्याचे सहकारी, ज्येष्ठ आणि वरिष्ठ एकाच कार्यालयात असतात.

यामुळे तेथे पायऱ्या आपोआप निर्माण झाल्या. साहाय्यक, प्रशिक्षणार्थी, पूर्ण पात्र मानसशास्त्रज्ञ, वरिष्ठ मानसशास्त्रज्ञ आणि प्रमुख मानसशास्त्रज्ञ अशी ही उतरंड आहे. वरिष्ठ व्यक्ती कनिष्ठांच्या कामाचे पर्यवेक्षण करते आणि अवघड प्रकरणे सर्वांसमोर चर्चेस येतात. इंग्लंडमध्ये पूर्वी या व्यवसायात येण्यासाठी अध्यापनाचा अनुभव आवश्यक होता. २००६ पासून तीन वर्षांची विद्यावाचस्पती पातळीवरील व्यावसायिक पदवी ही प्रवेशपात्रता ठरली आणि अध्यापनाच्या अनुभवाची सक्ती गेली. २००९ पासून 'शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ' हे पदनाम कायद्याने संरक्षित आहे. नोंदणी नसलेल्यास ते वापरता येत नाही. अध्यापनानुभवाची अट काढल्याने तरुण, संशोधनाभिमुख उमेदवार आले हे खरे. परंतु वर्गात चाळीस मिनिटे एकट्याने उभे राहण्याचा अनुभव नसलेल्या व्यक्तीचा सल्ला शिक्षक किती मनावर घेतील, हा प्रश्नही त्याबरोबरच आला. तेथेही २०१४ च्या कायद्यानंतर वैधानिक मूल्यमापनाचा भार इतका वाढला आहे की, प्रतिबंधात्मक कामाला वेळ उरत नाही अशी तक्रार सातत्याने ऐकू येते. तरीही एकाकीपणाचा प्रश्न ब्रिटनने बऱ्याच अंशी सोडविला आहे, आणि भारतीय संदर्भात नेमका तोच सर्वांत बिकट आहे.

भारत : एक पायरीची शिडी

भारतात या विचाराची सुरुवात उशिरा झाली असे म्हणता येणार नाही. मुंबई राज्य शासनाने १९५० मध्येच व्यवसाय मार्गदर्शनाचे केंद्र उघडले होते. मुदलियार आयोगाने (१९५२-५३) माध्यमिक शाळांत मार्गदर्शन अधिकारी व प्रशिक्षित करिअर मास्टर असावेत, असे सुचविले. १९५४ मध्ये केंद्रीय पातळीवर शैक्षणिक व व्यावसायिक मार्गदर्शनाचे स्वतंत्र कार्यालय स्थापन झाले. कोठारी आयोगाने (१९६४-६६) मार्गदर्शन हा शिक्षणाचा अविभाज्य भाग मानून तो प्राथमिक पातळीपासून असावा, असे प्रतिपादन केले. या सर्व शिफारशींत एक समान धागा आहे. मार्गदर्शनाचे काम मुख्यतः शिक्षकाकडेच, अतिरिक्त जबाबदारी म्हणून, सोपविले गेले. अनेक शाळांत 'करिअर मास्टर' म्हणजे आठवड्यातील दोन तासिकांपुरता वेगळी टोपी घालणारा गणिताचा किंवा भूगोलाचा शिक्षकच होता. चांगल्या शिक्षकांनी हे कामही मनापासून केले. परंतु त्यातून व्यवसाय उभा राहिला नाही.

महाराष्ट्रात २०१६ पासून काही वर्षे इयत्ता दहावीच्या विद्यार्थ्यांची राज्यव्यापी कल चाचणी घेण्यात आली. लक्षावधी मुलांच्या हाती त्यांच्या आवडीचा आलेख पडला. तो आलेख मुलाला व पालकांना समजावून सांगण्यासाठी प्रशिक्षित व्यक्ती मात्र बहुसंख्य शाळांत नव्हती. साधन आहे, पण साधक नाही, अशी ही स्थिती होय.

शालेय मानसशास्त्रज्ञ किंवा समुपदेशक हे पद आज महाराष्ट्रातील अनुदानित शाळेच्या संचमान्यतेत सहसा आढळत नाही. ते प्रामुख्याने शहरांतील स्वयंअर्थसहाय्यित व केंद्रीय मंडळांशी संलग्न शाळांत दिसते. अनुदानित शाळेतील शिक्षकाला बारा वर्षांनी वरिष्ठ वेतनश्रेणी आणि चोवीस वर्षांनी, विहित अटी पूर्ण केल्यास, निवड वेतनश्रेणी मिळू शकते. तो पर्यवेक्षक, उपमुख्याध्यापक, मुख्याध्यापक होऊ शकतो. त्याच इमारतीत काम करणाऱ्या समुपदेशकाला यांतील काहीही लागू होत नाही. अनेक ठिकाणी नेमणूक अकरा महिन्यांची असते, मानधन ठोक असते आणि कामाची व्याख्या अशी नसतेच. गैरहजर शिक्षकाचा तास घेणे, स्नेहसंमेलनाचे निवेदन करणे, प्रवेशाच्या दिवसांत पालकांना शाळा दाखविणे ही कामेही समुपदेशकाच्या वाट्याला येतात. ज्या मुलाने काल आपल्या घरातील मारहाणीविषयी सांगितले, त्याच मुलाच्या वर्गावर आज शिस्तीसाठी उभे राहावे लागले, तर विश्वासाचे नाते कसे टिकणार?

मूळ अडचण वेतनापेक्षाही खोल आहे. ज्या शाळेत एकच समुपदेशक असतो, त्या शाळेत दुसरी पायरी असूच शकत नाही. त्याला वरिष्ठ नसतो, सहकारी नसतो आणि त्याच्या कामाचे मूल्यमापन करणारे मुख्याध्यापक त्या विषयातील तज्ज्ञ नसतात. म्हणून येथे उन्नतीचा प्रत्येक मार्ग शाळेबाहेर जातो. कोणी नेट-सेट उत्तीर्ण होऊन महाविद्यालयात अध्यापनाकडे वळते. कोणी चिकित्सा मानसशास्त्राचे प्रशिक्षण घेऊन रुग्णालयात जाते. कोणी स्वतःचे समुपदेशन केंद्र काढते, तर कोणी प्रवेशपरीक्षांच्या शिकवणी-उद्योगात किंवा शैक्षणिक तंत्रज्ञानाच्या कंपनीत सामील होते. यांपैकी कोणताही मार्ग कमी प्रतीचा नाही. परंतु पाच-सहा वर्षांत मिळालेली शाळेची जाण, कोणत्या घरातील मूल सोमवारी गप्प असते आणि कोणत्या शिक्षकाला कोणत्या शब्दांत सांगितले तर पटते, ही माहिती त्या व्यक्तीबरोबर निघून जाते. तिच्या जागी येणारा नवा पदवीधर पुन्हा पहिल्यापासून आरंभ करतो.

परवान्याचा प्रश्नही असाच अर्धवट आहे. भारतीय पुनर्वास परिषदेच्या १९९२ च्या कायद्याखाली चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, पुनर्वसन मानसशास्त्रज्ञ, विशेष शिक्षक इत्यादींची नोंदणी होते. शालेय मानसशास्त्रज्ञ असा स्वतंत्र प्रवर्ग त्या यादीत नाही. २०२१ च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने वर्तनविषयक आरोग्य व्यावसायिकांच्या गटात मानसशास्त्रज्ञांचा समावेश केला. हा पहिला मोठा बदल होय. त्याचे पडसाद महाविद्यालयांपर्यंत पोहोचले आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाने या कायद्याच्या कक्षेतील विषय, आणि त्यांत मानसशास्त्रही, जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून दूरस्थ व ऑनलाइन पद्धतीने शिकविण्यास मनाई केली. आजवर नोकरी सांभाळून मुक्त विद्यापीठातून मानसशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेणारे शिक्षक हा शालेय समुपदेशकांचा एक महत्त्वाचा स्रोत होता. गुणवत्तेच्या दृष्टीने या निर्णयाचे समर्थन करता येते, कारण प्रत्यक्ष सरावाविना मानसशास्त्रज्ञ घडत नाही. मात्र वर्गाचा पंधरा वर्षांचा अनुभव असलेल्या ग्रामीण भागातील शिक्षिकेसाठी एक दार बंद झाले आणि दुसरे अद्याप उघडलेले नाही, हेही नमूद केले पाहिजे. चिकित्सा मानसशास्त्राकडे जाणारी वाटही बदलत आहे. २०२२ च्या नियमावलीने एम. फिल. बंद झाले आणि या विषयापुरती प्रवेशाची मुदत २०२५-२६ पर्यंतच वाढवून देण्यात आली.

या पार्श्वभूमीवर २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेला निर्णय महत्त्वाचा आहे. विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांच्या प्रश्नाची दखल घेऊन न्यायालयाने शैक्षणिक संस्थांसाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा आणि त्याहून लहान संस्थांनी बाहेरील तज्ज्ञांशी रीतसर संदर्भ-संबंध ठेवावेत, असे त्यांत म्हटले आहे. योग्य कायदा होईपर्यंत ही तत्त्वे बंधनकारक आहेत. अमेरिकेत १९७५ मध्ये कायद्याने जे घडले, त्याचे बीज येथे न्यायनिर्णयाने पेरले गेले आहे. पण पद निर्माण करताना ते प्रत्येक शाळेत एकेकटे निर्माण होणार असेल, तर आदेशाचे पालन होईल आणि शिडी एका पायरीचीच राहील. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये 'शाळा संकुल' ही कल्पना मांडताना समुपदेशकांची सेवा अनेक शाळांनी मिळून घ्यावी, असे सुचविले आहे. ब्रिटनच्या सेवापद्धतीशी तिचे साम्य आहे. दहा-बारा शाळांच्या संकुलात तीन-चार मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्यापैकी एक ज्येष्ठ, अशी रचना झाल्यास पर्यवेक्षण, पदोन्नती आणि परस्परांचा आधार या तिन्ही गोष्टी एकदम साध्य होतात. खर्च प्रत्येक शाळेत स्वतंत्र नेमणूक करण्यापेक्षा अधिक होण्याचे कारण नाही.

ज्ञानाची वाढ : चाचण्यांचे उदाहरण

पदोन्नती म्हणजेच व्यावसायिक वृद्धी नव्हे. शाळेत राहूनही मानसशास्त्रज्ञाचे ज्ञान कसे वाढू शकते, याचे उत्तम क्षेत्र म्हणजे मराठी मुलांसाठीच्या चाचण्या. व्ही. व्ही. कामत यांनी बीने चाचणीचे मराठी व कन्नड भाषक मुलांसाठी केलेले अनुकूलन १९४० साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. नागपूर येथे ए. जे. मलिन यांनी १९६० च्या दशकात वेक्सलर यांच्या बालबुद्धिमापन श्रेणीचे भारतीय रूप सिद्ध केले. सामाजिक परिपक्वतेच्या व्हाइनलँड श्रेणीचे त्यांनी केलेले 'नागपूर अनुकूलन' आजही देशभर वापरले जाते. ही कामे त्या काळी असाधारण होती. परंतु अर्धशतकापूर्वीची मानके आजच्या मुलांना लावण्यात एक धोका आहे. जेम्स फ्लिन यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिले की, अनेक देशांत पिढ्यान्‌पिढ्या चाचण्यांवरील सरासरी कामगिरी वाढत गेली आहे. अमेरिकेत ही वाढ दशकामागे सुमारे तीन गुणांची होती. जुन्या मानकांवर आजच्या मुलाचा बुद्धिगुणांक त्यामुळे प्रत्यक्षाहून अधिक येऊ शकतो. जे मूल ७० च्या खाली असायला हवे, ते ८० च्या घरात दाखविले गेले, तर साहाय्याच्या हक्काला ते मुकते आणि 'आळशी' हा शिक्का तेवढा त्याच्या वाट्याला येतो.

भाषेचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. पुस्तकी मराठीतील शब्दसंग्रह-चाचणी मेळघाटातील कोरकू भाषक किंवा गडचिरोलीतील गोंडी भाषक मुलाला दिली, तर मापन बुद्धीचे होते की शाळेच्या भाषेशी असलेल्या परिचयाचे? 'लॅरी पी.' खटल्यात उपस्थित झालेला प्रश्न हाच होता. अशा मुलांबरोबर रोज काम करणारा शालेय मानसशास्त्रज्ञ जर पद्धतशीर नोंदी ठेवील, त्या जवळच्या महाविद्यालयातील विभागाशी जोडील आणि स्थानिक मानके तयार करण्यात सहभागी होईल, तर शाळा न सोडता तो संशोधक होतो. महाराष्ट्रात याला पूर्वपरंपरा आहे. पुण्यात डॉ. वि. वि. पेंडसे यांनी १९६२ मध्ये स्थापन केलेल्या ज्ञान प्रबोधिनीत प्रज्ञावान विद्यार्थ्यांचे शिक्षण आणि मानसशास्त्रीय संशोधन एकाच संस्थेत नांदत आले आहे. अशी उदाहरणे थोडी आहेत, ही खंत आहेच.

गोपनीयता आणि कायदा

व्यावसायिक परिपक्वतेची खरी कसोटी चाचणीत लागत नाही. ती एका बंद दाराआड झालेल्या संभाषणानंतर लागते. लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या कायद्यातील कलम १९ नुसार अशा गुन्ह्याची माहिती असणाऱ्या प्रत्येक व्यक्तीने ती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळविणे बंधनकारक आहे. न कळविल्यास कलम २१ खाली शिक्षा होऊ शकते. समुपदेशक याला अपवाद नाही. 'तू सांगितलेले कोणालाही सांगणार नाही' असे निरपवाद आश्वासन मुलाला देण्याचा अधिकारच त्याला नाही, आणि ही मर्यादा पहिल्याच भेटीत मुलाला समजेल अशा शब्दांत सांगणे हे त्याचे कर्तव्य आहे.

पाठ्यपुस्तकात हे सरळ वाटते. प्रत्यक्षात आरोप शाळेतीलच एखाद्या कर्मचाऱ्यावर असेल, संस्थाचालक 'आधी आपण आपसांत पाहू' असे म्हणत असतील आणि समुपदेशकाचा करार येत्या एप्रिलमध्ये संपणार असेल, तर काय घडेल? वैयक्तिक धैर्यावर विसंबणारी ही व्यवस्था मुलाच्या दृष्टीने धोक्याची आहे. शाळेबाहेरच्या सेवेत असलेली, पर्यवेक्षकाला तात्काळ विचारू शकणारी आणि नोंदणी असलेली व्यक्ती कायद्याप्रमाणे वागण्यास अधिक मोकळी असते. पदाचे स्थैर्य ही कर्मचाऱ्याच्या हिताची बाब मानली जाते. येथे ती बालसुरक्षेची बाब ठरते.

महाविद्यालयांचा वाटा

मानसशास्त्राच्या बहुतेक पदव्युत्तर अभ्यासक्रमांत समुपदेशनाच्या प्रात्यक्षिकाचा समावेश आहे. परंतु चार प्रकरणे लिहून वहीवर स्वाक्षरी घेणे आणि शाळेत सलग काही महिने पर्यवेक्षणाखाली काम करणे, यांत महदंतर आहे. विद्यार्थी शाळेत जातो तो बहुधा प्रथम किंवा तृतीय सत्राच्या अखेरीस, म्हणजे जेव्हा शाळाही परीक्षांच्या गडबडीत असते. वेळापत्रकाची एवढी जुळणी केली तरी बराच फरक पडेल. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या मार्गदर्शन व समुपदेशन पदविकेत दूरस्थ अध्ययन, प्रत्यक्ष वर्ग आणि आंतरवासिता यांची एका वर्षात सांगड घातलेली आहे. सेवेतील शिक्षकांसाठी अशा धर्तीची रचना महाविद्यालयांनाही करता येण्यासारखी आहे.

विद्यार्थी उत्तीर्ण झाल्यावर महाविद्यालयाचा त्याच्याशी संबंध संपतो, ही सर्वांत मोठी त्रुटी होय. शाळेत एकटा पडलेला समुपदेशक पहिल्या दोन वर्षांत सर्वाधिक चुका करतो आणि याच काळात त्याला विचारायला कोणी नसते. तालुक्याच्या किंवा शहराच्या परिसरातील समुपदेशकांची महिन्यातून एकदा विभागात बैठक घ्यावी. ओळख पटेल असे सर्व तपशील वगळून एक-दोन प्रकरणे चर्चेस ठेवावीत आणि एका ज्येष्ठ प्राध्यापकाने किंवा बाहेरील चिकित्सा मानसशास्त्रज्ञाने तीत मार्गदर्शन करावे. यासाठी निधी लागत नाही. लागते ती एक खोली आणि शनिवारची दुपार. या बैठकीचा लाभ एकतर्फीही नसतो. चाचणी-सिद्धांत शिकविणाऱ्या प्राध्यापकाला आपली मानके कोणत्या वस्तीतील मुलापुढे कोलमडतात, हे तेथेच कळते. मॅग्वायरबाई आपल्या विद्यार्थ्याला घेऊन विद्यापीठात गेल्या तेव्हा विटमर यांना वाचनदोषांचा पूर्वानुभव नव्हता. त्या मुलाबरोबर काम करता करताच त्यांनी तो मिळविला.